चूकभूल द्यावी-घ्यावी, पण कोणी आणि किती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्नाचे काम आता कार्यालयवाले आणि केटरर यांनी पुष्कळ सोपे केले आहे. घराचे मात्र तसे झालेले नाही. नवे घर बांधणे दूरच राहो, जुन्या बाथरूमची फरशी बदलायची किंवा गळकी गच्ची दुरुस्त करायची म्हटले, तरी मध्यमवर्गीय माणसाची झोप उडते. पैसा आपला, घर आपले, पण कामातले आपल्याला काही कळत नाही. कळते ते कंत्राटदाराला. त्याने दिलेल्या कोटेशनच्या एका कागदावर विश्वास ठेवून आपण बँकेतली ठेव मोडतो. आणि मग एखाद्या दिवशी तो डोके खाजवत म्हणतो, ‘‘साहेब, कोटेशनमध्ये जरा चूक झाली होती.’’

ग्राहक मार्गदर्शनाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. या एका वाक्यामुळे माझ्याकडे आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. आज या विषयावर बोलायचे ठरवले, ते एवढ्यासाठी की याबाबत दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. ग्राहकाला वाटते, एकदा कागदावर आकडा पडला की ब्रह्मदेव आला तरी तो बदलणार नाही. कंत्राटदाराला वाटते, कागदाच्या तळाशी ‘चू. भू. दे. घे.’ असे छापले की आपण मोकळे. दोघांचेही पूर्ण खरे नाही.

एका निवृत्त परिचारिकेची गोष्ट सांगतो. त्यांच्या घरातल्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपत होते. त्यांनी तिघांकडून कोटेशन मागवले. दोघांचे आकडे एक लाख पासष्ट हजार आणि एक लाख बहात्तर हजार असे होते. तिसऱ्याचा आकडा एक लाख एकोणचाळीस हजार. त्यात चार कामे लिहिली होती : जुन्या टाइल्स फोडून राडारोडा उचलणे १८ हजार, वॉटरप्रूफिंग ३४ हजार, नव्या टाइल्स मजुरीसह ७२ हजार आणि प्लंबिंग ४५ हजार. खाली लिहिले होते, ‘वरील सर्व काम एकूण रु. १,३९,००० मध्ये पूर्ण करून देऊ.’ बाईंनी ठेव मोडली, काम दिले. जुन्या टाइल्स निघाल्या, नळ तोडले गेले, आणि पाचव्या दिवशी कंत्राटदार म्हणाला, ‘‘ताई, बेरीज चुकली. ती १,६९,००० हवी. तीस हजार वाढवून द्या, नाहीतर मला परवडत नाही.’’

श्रोतेहो, तुम्हीही बेरीज करून पाहा. ती खरोखरच एक लाख एकोणसत्तर हजार येते. म्हणजे माणूस खोटे बोलत नव्हता. पण बाई शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये अंघोळीला जात होत्या आणि त्यांच्या हाती तीस हजार नव्हते. मग चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा?

कोटेशन नेमके कसले?

याचे उत्तर शोधताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की, कागद कोणत्या प्रकारचा आहे? बोलताना आपण सगळ्यालाच कोटेशन म्हणतो. व्यवहारात त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार अंदाजपत्रकाचा, म्हणजे एस्टिमेटचा. त्यावर ‘अंदाजे’ असे लिहिलेले असते. खर्च साधारण किती येईल याचा तो अदमास. त्यात थोडे कमीजास्त होणार हे दोघांनीही धरलेले असते. दुसरा प्रकार दरवार कोटेशनचा. त्यात दर ठरलेला असतो. चौरस फुटाला इतके, रनिंग फुटाला इतके. शेवटी प्रत्यक्ष मोजमाप होईल आणि त्या दराने पैसे द्यायचे. इथे वचन दराचे आहे, एकूण रकमेचे नाही. तिसरा प्रकार एकरकमी कोटेशनचा, ज्याला कंत्राटदार ‘लमसम’ म्हणतात. काम अमुक, रक्कम तमुक. यात मोजमापाचा धोका कंत्राटदाराने आपल्या डोक्यावर घेतलेला असतो.

आता चूक कोणत्या जागी आहे ते पाहा. दरवार कोटेशनमध्ये कंत्राटदाराने भिंतीचे क्षेत्रफळ ८०० चौरस फूट धरले आणि मोजल्यावर ते ९५० निघाले, तर ज्यादा दीडशे फुटांचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. काम झाले आहे, दर तुम्ही मान्य केला आहे. मात्र टेप तुमच्यासमोर लागली पाहिजे. तीच चूक एकरकमी कोटेशनमध्ये झाली असेल, तर भिंत त्याने मोजली, आकडा त्याने दिला, नुकसानही त्याचेच.

मोजमापाचेही शास्त्र आहे. इमारतीच्या कामांच्या मोजणीसाठी ‘आयएस १२००’ नावाचे भारतीय मानक आहे. प्लॅस्टर मोजताना अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पाच चौरस फुटांच्या, लहान झरोक्याची वजावट त्यानुसार करत नाहीत. त्याहून मोठ्या खिडक्या-दारांच्या वजावटीचे नियम ठरलेले आहेत. तेव्हा ‘‘खिडक्या वजा करत नसतात हो,’’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर कोणत्या नियमाने, असे विचारायला हरकत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा

आपल्याकडे करारांचा मूळ कायदा १८७२ सालचा आहे. भारतीय करार कायदा. कायद्याच्या भाषेत कंत्राटदाराचे कोटेशन हा बहुतेक वेळा प्रस्ताव असतो. तुम्ही ‘मान्य आहे, काम सुरू करा’ असे कळवले की करार होतो. त्याआधी त्याला आपला प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणजे तुम्ही होकार देण्यापूर्वीच त्याने फोन करून ‘‘थांबा, आकडा चुकला आहे, नवीन कोटेशन पाठवतो,’’ असे सांगितले, तर जुन्या आकड्याला धरून बसता येणार नाही. तुम्हाला फार तर दुसरा कंत्राटदार पाहता येईल.

होकार दिल्यानंतर मात्र चित्र बदलते. या कायद्याचे कलम २२ असे सांगते की, वस्तुस्थितीबाबत केवळ एका पक्षाची चूक झाली, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. कलम २० च्या स्पष्टीकरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. वस्तूच्या किमतीबाबत चुकीचे मत असणे ही वस्तुस्थितीची चूक धरली जात नाही. साध्या भाषेत सांगायचे तर, ‘‘सिमेंटचा जुना भाव धरला होता,’’ ‘‘मजुरी वाढेल असे वाटले नव्हते,’’ ही कारणे कराराला सोडवत नाहीत. हा धंद्यातला हिशेब चुकला. भाव उतरले असते, तर त्याने तुम्हाला पैसे परत केले नसते.

मग दोघांचीही चूक असेल तर? कराराच्या मुळाशी असलेल्या गोष्टीबाबत दोन्ही पक्षांचा गैरसमज असेल, तर तो करारच निरर्थक ठरतो, असे कलम २० म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल दिलेला जमिनीच्या खरेदीचा एक खटला आहे, तरसेम सिंग विरुद्ध सुखमिंदर सिंग. त्यात भाव ‘बिघ्या’चा की ‘कनाल’चा, हाच घोळ होता. विकणाऱ्याच्या मनात एक माप, घेणाऱ्याच्या मनात दुसरे. न्यायालयाने करार निरर्थक ठरवला आणि घेतलेला इसार परत करायला लावला.

हा खटला दूरचा वाटेल. पण आपल्याकडचा ‘ब्रास’ आठवा. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लॅस्टर-फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मापे दोन. कोटेशनवर नुसते ‘ब्रासला इतके’ किंवा नुसते ‘फुटाला इतके’ लिहिले असेल, तर बिघा-कनालचा घोळ तुमच्या अंगणातही होऊ शकतो. म्हणून मापाचे पूर्ण नाव लिहून घ्या.

ग्राहकाचाही प्रामाणिकपणा

इथवर ऐकून ग्राहकांना बरे वाटले असेल. आता थोडे कडू बोलतो.

समजा, ९०० चौरस फूट प्लॅस्टरचे काम आहे आणि दर चौरस फुटाला ४५ रुपये ठरवायचा आहे. रक्कम चाळीस हजार पाचशे. कोटेशन टाइप करणाऱ्याने ‘चौ. फूट’ऐवजी ‘चौ. मीटर’ लिहिले. एका चौरस मीटरमध्ये जवळजवळ पावणेअकरा चौरस फूट बसतात. त्यामुळे त्याच कामाचे पैसे पावणेचार हजारांच्या आसपास येतात. इतर दोघांनी चाळीस हजारांच्या पुढचे आकडे दिलेले तुमच्या हातात आहेत. अशा वेळी ‘सापडला बकरा’ म्हणून घाईघाईने सही केली आणि नंतर कागद नाचवला, तर कायदा तुमच्या मागे उभा राहील असे समजू नका. करारासाठी दोघांची संमती एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने लागते. समोरच्याचा अर्थ हा नाही, हे तुम्हाला उघड दिसत असताना संमती कुठली?

इंग्लंडमध्ये १९३९ साली याच मुद्द्यावर एक खटला गाजला. सशांच्या कातड्यांचा मोठा सौदा होता. बोलणी नगाच्या भावाने झाली होती, पण विकणाऱ्याने चुकून पौंडाचा भाव लिहून दिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत. म्हणजे माल तिसऱ्या हिश्शाने जात होता. खरेदीदाराने तो झटकन स्वीकारला आणि माल मिळेना तेव्हा भरपाई मागितली. न्यायाधीशांनी ती फेटाळली, कारण व्यापारात मुरलेल्या माणसाला ही चूक कळली नसेल हे शक्य नव्हते. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण कायद्याचे विद्यार्थी आपल्याकडेही तो वाचतात.

सरकारी निविदांचे मात्र निराळे आहे, हेही सांगायला हवे. तिथे पाकिटे उघडल्यानंतर आकडा बदलू दिला, तर बाकीच्या बोलीदारांवर अन्याय होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधील रस्ता-शुल्क वसुलीच्या कंत्राटाचे प्रकरण आले. १,०९५ दिवसांची एकूण रक्कम भरायची होती. एका बोलीदाराने भरले ९,७२,९९९ रुपये, आणि निविदा उघडल्यावर म्हणाला की, ही एका दिवसाची रक्कम होती. उच्च न्यायालयाने दुरुस्तीची वाट मोकळी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. आपल्या घरातल्या कामाला निविदेचे नियम लागू नाहीत. पण आपला आकडा आपणच तपासून द्यायचा, हा धडा प्रत्येक कंत्राटदाराने त्यातून घ्यावा.

आता ‘चू. भू. दे. घे.’ या चार अक्षरांकडे येतो. चूकभूल द्यावी-घ्यावी. ही जुनी, सभ्य रीत आहे. बेरीज चुकली, एक ओळ दोनदा लिहिली गेली, अशा लेखनातल्या चुका दोन्ही बाजूंनी दुरुस्त करून घ्याव्यात, एवढाच तिचा अर्थ. ‘द्यावी’ आणि ‘घ्यावी’ असे दोन्ही शब्द त्यात आहेत. बेरीज तुमच्या विरुद्ध चुकली असेल तर तीही सुधारलीच पाहिजे. भाव परवडला नाही म्हणून वाढवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

त्या परिचारिका बाईंच्या कागदात दोन्ही गोष्टी होत्या. चार कामांचे वेगळे आकडे होते, त्यामुळे बेरजेतली चूक कागदावरच दिसत होती. पण ‘एकूण इतक्यात पूर्ण करून देऊ’ असे स्पष्ट वचनही होते आणि त्या आकड्यावर विसंबूनच बाईंनी इतर दोघांना नकार दिला होता. खटला झाला असता तर दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. मी दोघांना समोरासमोर बसवले. कंत्राटदाराने सामानाची बिले दाखवली. तो काही बडा ठेकेदार नव्हता. चार मजुरांना रोज पगार देणारा माणूस होता. बाईंनी आपले पासबुक दाखवले. एक लाख पन्नास हजारांवर तोड निघाली. वाढीव अकरा हजार काम संपल्यावर दोन हप्त्यांत द्यायचे ठरले. नवा कागद झाला, दोघांच्या सह्या झाल्या. बाथरूम दोन आठवड्यांत तयार झाले. कायद्याने दोघांपैकी कोणाला अधिक मिळाले असते की नाही, हे सांगता येत नाही; पण त्या दोन आठवड्यांत मिळाले नसते, हे नक्की.

काम अर्धवट टाकले तर?

प्रत्येक वेळी तोड निघतेच असे नाही. घर उकरून ठेवायचे आणि मग ‘‘चूक झाली होती’’ म्हणून पैसे वाढवायचे, हा काही जणांचा ठरलेला डाव असतो. त्यासाठी मुद्दाम कमी आकडा देतात. सुरुवातीपासूनच तसा इरादा असेल, तर ती चूक नसून फसवणूक आहे आणि फसवणुकीने झालेला करार रद्द करण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट, तोंडी भांडत बसू नका. त्याच दिवशी लेखी कळवा : ठरलेले काम कोणते, ठरलेली रक्कम किती, आजवर किती पैसे दिले, आणि अमुक तारखेपर्यंत काम सुरू न केल्यास आपण दुसऱ्याकडून करून घेऊन वाढीव खर्च वसूल करू. हे व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी चालते, पण सोबत स्पीड पोस्टही करा. दुसरी गोष्ट, अर्धवट कामाचे तारखेसह फोटो काढा. शक्य असेल तर एखाद्या त्रयस्थ इंजिनिअरकडून किती काम झाले याची लेखी नोंद करून घ्या. तिसरी गोष्ट, उरलेल्या कामासाठी किमान दोन नवी कोटेशन्स घ्या. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ नुसार मागता येते. ठरलेली किंमत आणि दुसऱ्याला द्यावी लागलेली वाजवी किंमत यांतला फरक हा त्या नुकसानीचा मुख्य भाग. पण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारीही तुमच्यावर आहे. सहा महिने घर तसेच उकरलेले ठेवून सगळ्याचा हिशेब त्याच्यावर लावता येणार नाही.

आणि समजा, घरात आजारी माणूस आहे, थांबणे शक्यच नाही, म्हणून पैसे द्यावेच लागले, तर देताना लिहा : ‘ही वाढीव रक्कम मला मान्य नाही, काम थांबू नये म्हणून हक्क राखून देत आहे.’ ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते. कारण दोघांनी राजीखुशीने नवा दर मान्य केला, तर जुना करार बदलला असे कायदा धरतो. नंतर ‘‘मी नाइलाजाने सही केली,’’ असे सिद्ध करणे अवघड जाते.

मात्र वाढीव काम आणि कोटेशनातली चूक यांची गल्लत करू नका. मध्येच तुम्ही म्हणालात, ‘‘आलाच आहात तर गॅलरीतही टाइल्स लावून टाका,’’ तर ते नवे काम आहे. फुकट करण्याच्या हेतूने कोणी केलेले नाही आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर वाजवी मोबदला द्यावा लागतो. कलम ७० तसे सांगते. त्याचा दर आधी विचारा, आणि दोन ओळींत का होईना, लिहून ठेवा.

दाद कुठे मागायची?

घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे १९९३ मध्ये ग्राहक कायद्यात दुरुस्ती करून स्पष्ट करण्यात आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात तसाच निकाल दिला. पूर्वीचा १९८६ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार कंत्राटदाराने ठरलेले काम न करणे किंवा निकृष्ट करणे ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. दिलेल्या पैशांची पावती किंवा बिल न देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. तुम्ही दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती तिथे चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली : तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंत्राटदाराच्या गावी हेलपाटे नकोत. मुदत मात्र लक्षात ठेवा. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. त्याआधी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. गृहनिर्माण सोसायटीने रंगकाम किंवा गच्चीची दुरुस्ती करून घेतली असेल, तर सहकारी संस्था म्हणून सोसायटीलाही तक्रार करता येते.

कायद्यात तक्रार तीन ते पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात बहुधा त्याहून बराच वेळ लागतो, हे तुम्हाला आधीच सांगितलेले बरे. म्हणूनच आयोगातील मध्यस्थीच्या सोयीचा उपयोग करावा. कोटेशनातील चुकीसारख्या वादांत, जिथे दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते, तिथे ती फार चांगली चालते.

सही करण्यापूर्वी

शेवटी, हा सगळा व्याप टाळण्यासाठी काय करता येईल ते सांगतो.

कोटेशन हातात आले की स्वतः बेरीज आणि गुणाकार करा. घरातल्या शाळकरी मुलाला करायला सांगा. आकडे आणि अक्षरे दोन्हीत रक्कम लिहून घ्या. कागदावर ‘अंदाजे’, ‘मोजमापानुसार’ की ‘एकरकमी’ यांपैकी एक शब्द स्पष्ट असू द्या. राडारोडा कोण उचलणार, परांची कोण बांधणार, पाणी आणि वीज कोणाची, टाइल्स किती रुपये फुटापर्यंतच्या, हे लिहा. बहुतेक भांडणे लिहिलेल्या गोष्टींपेक्षा न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. जीएसटी धरून की सोडून, हे विचारा. धरून नसेल तर नोंदणीचा पंधरा अंकाक्षरी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. ज्याची नोंदणी नाही, त्याला हा कर वसूल करण्याचा अधिकार नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. झालेल्या कामाच्या फार पुढे जाऊ नका. वॉटरप्रूफिंगचे काम असेल तर थोडी रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची, असे आधीच ठरवा. कोटेशन, संदेश, पावत्या, सारे एका फाइलमध्ये ठेवा. मोबाइलमधले संदेश पुसू नका.

आणि तीन कोटेशन्सपैकी एक फारच कमी आले, तर आनंदून जाण्याआधी त्या माणसाला फोन करा. विचारा, ‘‘अहो, तुमचा आकडा बरोबर आहे ना? काही राहिले तर नाही?’’ कोणी म्हणेल, हे आपण कशाला सांगायचे? तर उत्तर सोपे आहे. चूक असेल तर ती आज, घर शाबूत असताना कळेल. चूक नसेल, तर ‘‘हो, बरोबर आहे,’’ हे त्याचे उत्तर लिहून घ्या. मग पाचव्या दिवशी बेरीज चुकल्याचे सांगायला त्याला तोंड राहणार नाही. हा एक फोन फुकटात होतो आणि त्यात दोघांचेही हित आहे.

येत्या दिवाळीच्या आत किंवा पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गवंडी, रंगारी येतील. त्यांचे काम नीट होवो, त्यांचे पैसे वेळेवर मिळोत आणि तुमचा हिशेब चुकू नये, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो. नमस्कार.